भाकरीचे चार कुटके

प्रिय माय,

माझं पत्र आलेलं पाहून तू आधी घाबरशील. घाबरू नकोस, इकडे सावद्याला माझी तब्येत ठणठणीत आहे. हे सावकाश वाच, पण हेमराजला, माझा भाऊ असला तरी, वाचायला देऊ नकोस. त्याने ओसरीवर बसून मोठ्याने वाचलं तर मला इथे मेल्याहून मेल्यासारखं होईल.

मन खातंय ते आधीच सांगून टाकते. दिवाळीत तुझा भाकरीचा व्हिडिओ काढला, त्यातला तुझा आवाज मी काढून टाकला. तुला न विचारता. चौथीच्या पोरांना अपूर्णांक काही केल्या जमेनात. वर्गात मोठा टीव्ही आलाय, त्यावर दाखवायला काहीतरी घरचं हवं होतं, म्हणून तुला चुलीपुढे बसवलं. तू नवं पातळ नेसलीस, मोबाइलकडे बघायचं की तव्याकडे म्हणून मला हैराण केलंस, आणि मग माझ्यापेक्षा छान शिकवलंस. भाकरीचे चार कुटके करून म्हणालीस, "बठ्ठा कुटका सारखा पाह्यजेत, नही ते पोरे भांडतीन."

तोच व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायची वेळ आली तेव्हा माझं बोट अडलं. ग्रुपवर साहेब आहेत, पुण्याकडच्या मॅडम आहेत, तुझं 'आहे'च्या जागी 'शे' ऐकून हसतील असं वाटलं. एक अ‍ॅप आहे, वाक्यं लिहून दिली की ते शुद्ध मराठीत, बाईच्या आवाजात म्हणून दाखवतं. मी लिहिलं, 'सर्व तुकडे समान असावेत.' पोरं भांडतील ते गाळलं, पुस्तकात नाही म्हणून. मला असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं गं. मलाच तुझी लाज वाटली. ग्रुपवर अंगठेच अंगठे आले आणि मी आठवडाभर मिरवत होते.

मीच मिरवत पाठवलेला तो व्हिडिओ हेमराजने तुला टीव्हीवर लावून दिला. शेजारच्या झुंबरबाईला तू हौसेने बोलावून आणलं होतंस, हे त्याने मला नंतर सांगितलं. तोंड तुझं हलत होतं आणि बोलत होती भलतीच कुणी. तू म्हणे शेवटपर्यंत बघितलंस आणि एवढंच विचारलंस, "ती बाई कोन शे? चांगली बोलस." त्यापेक्षा मला शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं.

तो व्हिडिओ मी ग्रुपवरून काढून टाकला. परवा तुझा मूळचा वर्गात लावला. आधी पोरं हसली, खोटं कशाला सांगू. इकडची बोली आपल्यापेक्षा वेगळी, पण भांडण सगळ्यांनाच कळतं. ऋतिका म्हणून एक पोर आहे, वर्तुळाचे कसेही चार भाग पाडायची. तिने आपणहून खोडून पुन्हा काढले आणि मला दाखवून म्हणाली, "बाई, आता कोणीच भांडणार नाही." मी महिनाभर घसा कोरडा केला होता त्यासाठी. आता ग्रुपवरही तोच टाकलाय, तुझं नाव घालून. हसतील ते हसू देत.

मग हे सगळं फोनवर का नाही सांगितलं? गेल्या रविवारी फोनवर तू मला म्हणालीस, "तू जेवलीस का? इकडे सर्व ठीक आहे." मला, तुझ्या पोटच्या आंडेरला, तू 'आहे' म्हणालीस. अडखळत, एकेक शब्द जपून, जणू मी कचेरीतली कुणी साहेबीण. रेंज गेली म्हणून मी फोन ठेवला. रेंज गेली नव्हती माय, मला रडू फुटलं होतं. ते पुन्हा ऐकायची माझी हिंमत नाही, म्हणून हे पत्र. आणि तेही बघ, शाळेच्याच मराठीत, कारण आपली बोली मी जन्मात कधी लिहिली नाही. आज एक वाक्य लिहून बघते. माय, मन्हं चुकनं. बरोबर लिहिलंय की नाही, मला ठाऊक नाही. चुकलं असेल तर फोन कर आणि आपल्या बोलीत मला दुरुस्त कर.

तुझीच,
सारिका