अमेरिकेच्या दादालोकांची एकेचाळीस पुस्तकं शाहिदला देण्याबाबत

बिस्मिल्लाह. मी ताजुन्निसा, हाशम होडेकर यांची विधवा, वय एकाहत्तर, शाळा चौथीपर्यंत, मूळ राहणार साखरतर, तालुका रत्नागिरी, सध्या मुक्काम जिझान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टर अनुराधाबाईंनी आज सकाळी मला वार विचारला, महिना विचारला. मी दोन्ही सांगितले, आणि त्यांच्या कोटाचं बटण चुकीच्या काजात गेलंय तेही सांगितलं. त्यांनी दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. काळीज मात्र थकलं, विमान सोसणार नाही, असं त्या म्हणतात. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. तसा माणूस साखरतरात जन्मला नाही, आणि जन्मला असेल तर सौदीचा व्हिसा त्याला मिळाला नाही.

आत्ताच का लिहिते, ते सांगते. थोरला शाहिद इथल्या इस्पितळाच्या स्टोअरमध्ये आहे. ती जागा आता सौदी माणसाला द्यायची, असं पत्र आलं. रजब महिन्यानंतर त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नाही. तो, सून अफशाँ आणि नात अरवा कायमचे गावी जाणार. गावच्या घरात धाकटा उसामा राहतो. या दोन सख्ख्या भावांनी तीन वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोललेला नाही. घरात चूल एक, परसात विहीर एक, आणि मध्ये मी नसणार.

कलम पहिलं. मला इथेच दफन करावं. पेटीत घालून गावी नेण्याचा खटाटोप नको. शाहिदचे अब्बा इथल्याच कब्रस्तानात आहेत. इथे कबरीवर नाव घालत नाहीत, म्हणून ते नेमके कुठे आहेत ते मला आठ वर्षांत सापडलेलं नाही. शेजार मिळाला नाही तरी चालेल. चाळीस वर्षं शेजार केला, तेवढा पुरे.

कलम दुसरं. साखरतरचं घर माझ्या बापाने माझ्या नावे केलेलं. ते शरियतप्रमाणे दोन्ही मुलांचं सारखं. मध्ये भिंत घालायची नाही. जो पहिली वीट आणील त्याला माझी बद्दुआ.

कलम तिसरं. मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत माझ्या मर्जीने देता येतं. त्यातून शिलाई मशीन अफशाँला. तिला सरळ टीप मारता येत नाही, पण माझ्या आजारात तिने कपाळाला आठी न घालता माझी घाण काढली. सोन्याच्या दोन पाटल्या अरवाला. ती मला मराठीत उत्तर देत नाही. तरीही द्याव्यात.

कलम चौथं. खालच्या मजल्यावरच्या नूरुद्दीनच्या बायकोने माझा तांब्याचा टोप वलीम्याला, लग्नाच्या जेवणाला, म्हणून नेला आणि त्याचं झाकण तेवढं परत केलं. टोप तिलाच राहू दे. झाकणही नेऊन द्या. तिच्याकडून मला कयामतीच्या दिवशी काही मागायचं नाही.

कलम पाचवं. पुस्तकं.

शाहिदचे अब्बा बंदरात स्टोअरकीपर होते. एक अमेरिकन इंजिनियर काम संपवून निघाला, तेव्हा त्याने ह्यांना खोकंभर पुस्तकं दिली. सगळी त्याच्या देशातल्या गुंडांच्या टोळ्यांची. कोणी दारू चोरून विकली, कोणी गोदीवर हप्ता बसवला, कोणी कोणाला न्हाव्याच्या खुर्चीत मारलं. ह्यांना वेडच लागलं. जेद्दाला गेले की जुन्या बाजारातून आणखी आणायचे. शुक्रवारी जुम्याचं जेवण झालं की चटई टाकून एकेक पान वाचायचे आणि आपल्या बोलीत सांगायचे. मी तांदूळ निवडत ऐकायची. मुलं पालथी पडून ऐकायची.

मी एकदा विचारलं, "एवढी माणसं मारून ही घरी जेवायला येतात, तर ह्यांच्या बायका काय बोलतात?"

हे म्हणाले, "अगो, ते पुस्तकात नाही."

"मग अर्धंच पुस्तक आहे ते," मी म्हटलं.

त्या लोकांचा एक कायदा ह्यांनी मुलांना पाठ करवला होता. पकडले गेलात तरी तोंड उघडायचं नाही. दुसऱ्याचं स्वतःवर आलं तर स्वतः भोगायचं. सगळ्या पुस्तकांचा शेवट एकच असे. पोलिसांना जमत नाही, शेवटी त्यांच्यातलाच कोणीतरी खबर देतो. उसामाला हे सगळं फार आवडे. शाहिद गप्प ऐके.

शेवटचं पुस्तक निम्म्यावर असताना हे गेले. पुढचं अरवाला वाचायला सांगितलं, तर तिने मागची दोन पानं चाळली आणि म्हणाली, "मर जाता है, दादी. सब मरते हैं." बरोबरच असणार.

ही एकेचाळीस पुस्तकं मी शाहिदला देते. का देते, ते पुढच्या कलमात आहे. उसामाने ते बसून वाचावं.

कलम सहावं. तीन वर्षांपूर्वी हुकूम निघाला की मोबाइलच्या दुकानात फक्त सौदी माणूस बसेल. उसामा एका सौदीच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करायचा. त्याने पुढचं काउंटर सोडलं आणि मागच्या खोलीत पडद्याआड काम चालू ठेवलं. शाहिदला ते पसंत नव्हतं. एका दुपारी जेवताना दोघांचं वाजलं.

शाहिद म्हणाला, "जेलात सडशील. बंद कर. नाहीतर मीच जाऊन सांगतो ऑफिसात."

उसामा हसला. "खबरी होतोस काय रे? अब्बांनी तुला फुकटच वाचून दाखवलं."

दुसऱ्याच दिवशी धाड पडली. मागच्या दाराने आले, दोनदा टकटक केली, ह्याने उघडलं. ती खूण घरच्यांनाच ठाऊक होती. उसामाला तरहीलमध्ये टाकलं, म्हणजे परत पाठवायच्या लोकांना कोंडतात तिथे. शाहिद कपडे घेऊन गेला. जाळीपलीकडून उसामा त्याला म्हणाला, "अब्बांच्या पुस्तकात तुझ्यासारख्याचं काय करतात, ठाऊक आहे ना? मी तेवढं करत नाही. आजपासून मला भाऊ नाही." बोटांचे ठसे घेऊन त्याला पाठवून दिलं. पुन्हा सौदीत पाऊल ठेवायची सोय राहिली नाही.

आता मी जे लिहिते ते अल्लाला साक्षी ठेवून लिहिते. खबर शाहिदने दिली नाही. मी दिली.

धाड पडली त्या सकाळी मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. साध्या कपड्यातला एक सौदी आला. गोड बोलणारा. फुटलेला फोन दाखवला आणि म्हणाला, "खाला, इथे कोणी चांगला दुरुस्त करणारा आहे का?" माझा ऊर भरून आला. मोडक्या अरबीत मी सांगितलं की माझा मुलगा मेलेला फोन उठवतो. हुकमामुळे दुकानात दिसत नाही एवढंच, मागच्या दाराने जा, दोनदा टकटक कर, आईने पाठवलं म्हण. वर त्याला लिंबाचं सरबत पाजलं. त्याने आपलं काम केलं, त्याच्यावर माझा राग नाही. एवढी वर्षं गुंडांच्या गोष्टी ऐकल्या आणि पोराचं कौतुक करताना तोंडाला कुलूप घालायचं मला सुचलं नाही.

नूरुद्दीनने मला त्या माणसाशी बोलताना पाहिलं होतं. उसामा गावी पोचल्यावर महिन्याने त्याने शाहिदला सांगितलं. शाहिद वर आला, माझ्यासमोर बसला. मी म्हटलं, "फोन लाव उसामाला. मी सांगते."

तो म्हणाला, "नको, अम्मी. तो जुम्याला तुला फोन करतो, तोही बंद होईल. माझ्याशी बोलत नाही तर नाही. तू गप्प राहा."

आणि मी गप्प राहिले. भाऊ भांडतात, सहा महिन्यांत एका ताटात जेवतात, असं मनाला सांगितलं. खरं सांगायचं तर मला तो जुम्याचा फोन हवा होता. "अम्मी, जेवलीस काय?" एवढंच तो विचारतो. तेवढ्यासाठी मी थोरल्याला तीन वर्षं खबरी म्हणवून घेऊ दिलं. दर जुम्याला फोन वाजला की शाहिद उठून बाहेर जातो, मला मोकळं बोलता यावं म्हणून. मी बोलते. त्याचं नाव काढत नाही.

उसामा, तुझ्या बापाने वाचलेला कायदा या घरात एकट्याने पाळला, आणि तो तू नव्हेस. म्हणून पुस्तकं त्याला.

कलम सातवं. मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारून घेतलं आहे. वारसाला त्याच्या हिश्शाबाहेर काही द्यायचं, तर बाकीच्या वारसांची कबुली लागते. म्हणजे उसामा हो म्हणाल्याशिवाय शाहिदला एक पुस्तक मिळणार नाही. हे ठाऊक असूनच मी असं लिहिलं आहे. सून वारस नाही, तिला दिली असती तर विचारायचं काम नव्हतं. कबुली उसामाने साखरतरच्या घरात, शाहिदच्या समोर बसून, स्वतःच्या हाताने द्यावी. फोनवर नाही, वकिलाकडून नाही. नसेल द्यायची, तर तसं तोंडाने सांगावं, शाहिदच्या तोंडावर. तोवर शाहिदने गावी नेलेली खोकी ओटीवर राहतील, येताजाता दोघांच्या पायात.

मी मौलवींना म्हटलं होतं, कबुली आत्ताच मागवून घेते, डोळ्यांनी बघते. ते म्हणाले, चालत नाही. देणारा जिवंत असताना दिलेली कबुली धरत नाहीत. मेल्यावर दिलेलीच खरी. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच सांगितलं.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, माझाच आहे, खाडाखोड नाही.

सही: ताजुन्निसा हाशम होडेकर

साक्षीदार:
१. नूरुद्दीन वस्ता, खालचा मजला. कलम सहामधलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.
२. अब्दुल्लतीफ सोलकर, शेजारची इमारत.

मुक्काम जिझान, तारीख १४ नोव्हेंबर २०१९, गुरुवार.

कबुली, माझ्यामागे भरायची:

मी, उसामा हाशम होडेकर, माझा भाऊ शाहिद समोर बसला असताना लिहून देतो की ..............................