नऊ डॉक्टर आणि माझी एक कंबर

नाशिक, बुधवार

तीर्थरूप नवसाआत्यांस,

स्नेहाचा नमस्कार. (वाकून नाही, कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा आणि काकांचा खोकला बरा असावा, पिंपळगावात द्राक्षांची काढणी नीट चालली असावी. दिवाळीत तुमच्या उपचाराला मी चारचौघांत अवैज्ञानिक म्हणाले होते. ते मत कायम आहे, हे आधीच नोंदवते.

गेल्या बुधवारी सातपूरच्या कारखान्यात खालच्या कप्प्यातून मापयंत्र उचलताना माझ्या कमरेत चमक भरली. तेव्हापासून मला उभे राहता येते आणि आडवे होता येते, मधले काही जमत नाही. सोमवारी मापयंत्रे तपासायला ऑडिटर येणार आहेत. ती मापयंत्रे मी सहा महिने खपून लावली, आणि आता साहेब म्हणतात, "तुला वाकता येत नसेल तर रोहित दाखवेल." रोहितला मापयंत्र कोणत्या बाजूने धरायचे हे माहीत आहे. त्याच्याविषयी याहून जास्त मी लिहिणार नाही.

ऑफिसातल्या हर्षालीने कायरोप्रॅक्टर गाठायला सांगितले. ते म्हणे हातांनी मणका कट्कन जागेवर बसवतात. शोध घेतला. एक जण जिमचा ट्रेनर निघाला, दुसऱ्याकडे पदवीऐवजी स्वतःचे व्हिडिओ होते. शेवटी एक क्लिनिक सापडले : एका छताखाली नऊ डॉक्टर, पाटीवर सातवे नाव कायरोप्रॅक्टरचे. मला वाटले, आमच्या कारखान्यासारखे असेल. तिथे लोखंडाचा तुकडा पाच मशीनवर फिरतो, पण त्याच्यासोबत कार्ड एकच असते आणि कोणी काय केले ते त्यावर लिहिलेले असते. इथे नऊ डॉक्टरांच्या नऊ फायली. सामाईक काय, तर पाण्याचा कूलर आणि काउंटरवरच्या उज्वलाताई! हाडांच्या डॉक्टरांनी नसांच्या डॉक्टरांकडे पाठवले, त्यांनी आहारतज्ज्ञांकडे, आणि त्या बाईंनी (मी शपथेवर सांगते) दातांच्या डॉक्टरांकडे, कारण जबडा वाकडा असला तर कंबर दुखते. प्रत्येकाने पहिल्यापासून विचारले, "काय होतंय?" चौथ्या वेळी मी सगळे छापून नेले. दातांच्या डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हं, काय होतंय?"

जबडा सरळ आहे.

मग मी उज्वलाताईंना सातव्या नावाचे विचारले.

"ते ना? ते आता ऑनलाइन बघतात."

"मणका ऑनलाइन कसा बसवतात?"

"ते सांगतात तसं आपणच वळायचं, मॅडम. घरी कोणी धरायला आहे का?"

मी उभ्यानेच बाहेर आले. (बसून येणे शक्यही नव्हते.) चीड दुखण्याची नाही, आत्या. नऊ शिकलेली माणसे आठ दिवसांत माझ्या पाठीला हात लावत नाहीत, याची आहे.

काकांना नमस्कार.

आपली,
स्नेहा

ता. क. : रविवारी सकाळी आठला येते. तुम्ही पायाळू जन्मलात आणि तुमच्या लाथेने चमक जाते, यावर माझा काडीचाही विश्वास नाही. फक्त त्या वेळी घरी असा. अंगणात गर्दी नको. जागा कमरेच्या डावीकडे, मणक्यापासून चार सेंटिमीटरवर. पेनने खूण करून आणते.

पुन्हा ता. क. : फोन केला नाही, कारण तुम्ही हसला असतात. आईला कळवू नका.

शेवटचे : दिवाळीचा राग मनात असेल तर कृपया डाव्या पायाने मारा. दुखऱ्या गुडघ्याचा तोच ना?