कच्च्या ताटांवरचं तुझं गोंदण

माय,

इतक्या उशिरा लिहितोय, राग धरू नकोस. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, हे दरवेळी मनात आडवं यायचं आणि लिहिणं राहून जायचं. आज मात्र तुला विचारल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी आता अमेरिकेत, नेपरव्हिलला लेकाकडे असतो. त्याची मुलगी, म्हणजे तुझी पणती, चिनी मातीची ताटं, वाट्या बनवते. जुन्या काळची नक्षी घ्यायची आणि आजच्या भांड्यांवर नव्या तऱ्हेनं बसवायची, हेच तिचं काम. एका हॉटेलानं तिच्याकडे पहिल्यांदाच अख्खा संच मागितलाय, आणि त्यावर तिला तुझ्या हातावरचं गोंदण हवंय.

नक्षी मीच दिली. बाहेर बर्फ पडत होता, आणि ती मला विचारत बसली होती, पणजीचे हात कसे होते. मी एका पाकिटाच्या मागं पेनानं काढून दाखवलं. मनगटावर तुळस, तिथून कोपराकडं चढणाऱ्या टिपक्यांच्या दोन रांगा. गोंदताना तू हात ओढून घेतलास म्हणून एक रांग वाकडी, तीही तशीच काढली. ते ताटापर्यंत जाईल हे मला कुठं ठाऊक? तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. सारखा तो दिवस आठवतो. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आपण घरी आलोय, तू चुलीजवळच्या फळीवरचे देव टोपलीत भरतेयस, आणि शेजारची मावशी दारातून हसतेय, "देव तं सोडशील वं बाई, पण हातावरची तुळस कोणत्या नदीत सोडशील?" तू मागं न बघता म्हणतेस, "हात माहा हाय. त्याच्यानं भाकरी थापाची हाय मले." केवढा अभिमान वाटला होता मला! पण पुढं फोटो काढताना तू तोच हात पदराखाली घेतलास. घरात तुझा तेवढा एकच फोटो. मग खरं कोणतं समजू, माय?

पोरीला हे सगळं सांगितलं. म्हटलं, "बाई, आपण सोडलेल्या खुणा ताटात कशाला?" ती म्हणाली, "आबा, तुळस नाही घेत मी. ओन्ली द डॉट्स. ते पणजीचे आहेत." मग मला तळघरात नेऊन दाखवलं. माती ओलसर असतानाच ती सुईनं एकेक टिपका टोचते, त्यात निळा रंग भरते आणि वरचा खरवडून काढते. कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणते, "ब्रशनं फार नीट येत होते, आबा. बोअरिंग! हातावर असे नसतील ना?" नव्हतेच. ताटाच्या काठावरून तुझी रांग जाते आणि एका जागी वाकडी होते. मधली जागा तिनं कोरी, पांढरी ठेवलीय. तिथं भात वाढायचा. मी सातवी शिकलेला माणूस, मला यातलं काय कळणार, पण बराच वेळ तिथून हलवेना. किती कमी घेतलं पोरीनं, आणि तरी तो हात तुझाच दिसत होता.

ताटं अजून कच्ची आहेत, मोडून पुन्हा माती करता येते. शनिवारी भट्टीत गेली की कायमची. "तुम्ही नको म्हणालात तर मी ऑर्डर कॅन्सल करते," असं म्हणाली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. खरं सांगतो, मी ताटांना हो म्हणून बसलोय, तुला विचारायच्या आधीच. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? उशीखालीच राहील. पण शनिवारच्या आत काहीतरी कळव, माय. स्वप्नात येऊन रागावलीस तरी चालेल, फक्त लवकर ये.