तामाएच्या गोळ्या

ओकायामा, ९ डिसेंबर

चि. तामाए हिस,
अनेक आशीर्वाद. कालवांचा डबा पोचला. तुझी वहिनी खूश, मी मात्र चिडलोय. डॉक्टरांनी दम्याचा पंप दुप्पट केला, वर स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, तरी तुला जिना चढवत नाही? तीस वर्षं औषधांच्या दुकानात उभा आहे मी. जरा बरं वाटलं की गोळ्या कचऱ्यात, ही आपल्या लोकांची खोड मला ठाऊक आहे. आई तशीच गेली. तूही तिच्याच वळणावर गेलीस.
तुझ्या यजमानांना, शिगेआकिंना, आशीर्वाद सांग. राग मानू नकोस.
तुझा दादा,
कुनिहिको

एताजिमा, १४ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. पत्र वाचून रडले, खोटं कशाला सांगू? रोज सकाळी देव्हाऱ्यात सासूबाईंच्या तसबिरीपुढे भात ठेवते आणि तिथेच बसून पंप ओढते, गोळ्या गिळते. त्यांच्यापुढे लबाडी? त्या जिवंत असतानाही कधी धजले नाही! गोळ्यांनी तोंड असं सुजलंय की कालवं सोलताना शेजारच्या बायका मला फुग्यासारखा फुगणारा फुगू मासा म्हणतात. श्वास मात्र होता तेवढाच.
डॉक्टर म्हणतात, काहींच्या श्वासनलिकेत जंतू ठाण मांडतात, मग स्टेरॉइडचं काही चालत नाही. बेडका तपासायला पाठवू, पण आधी मी औषध नेमाने घेते याची खात्री हवी. हे तर पहाटेच समुद्रात कालवं वाढवायच्या तराफ्यांवर जातात, मी गोळी घेताना बघायला घरी नसतात. तू डॉक्टरांना दोन ओळी लिही ना, माझी बहीण खोटं बोलत नाही म्हणून. औषधवाल्याचा शब्द त्यांना पटेल. दादा, मला भीती वाटते रे.
वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
तामाए

ओकायामा, १७ डिसेंबर

श्री. शिगेआकि यांस,
अनेक आशीर्वाद. न पाहिलेल्या गोष्टीची हमी मी देत नाही. महिनाभर तराफ्यांवर जरा उशिरा जा. तिने गोळी घेतली की तोंड उघडायला लावा, जीभ वर करायला सांगा. चिडेल, चिडू दे. मग मी डॉक्टरांना लिहीन. जंतूबिंतू सगळे बहाणे.
प्रकृतीस जपा.
तुमचा,
कुनिहिको

एताजिमा, २८ जानेवारी

ती. दादांस,
सा. न. वि. वि. तुम्ही तामाएचा सातव्या दिवसाचा विधी उरकून परतलात आणि दुसऱ्याच दिवशी, महिना भरल्यावर पाठवलेल्या बेडक्याचा अहवाल आला. जंतू निघाले. त्यांच्यामुळेच स्टेरॉइड बोथट पडलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. महिनाभर आधी कळतं तर दुसरं औषध देऊन पाहिलं असतं, असंही म्हणाले.
त्या महिन्यात तिने एकही गोळी चुकवली नाही. पहिल्या दिवशी मी तोंड उघड म्हटल्यावर ती हसली होती. नंतर कधी हसली नाही. शेवटच्या सकाळी तिला बोलवत नव्हतं. मी धावत जवळ गेलो, तर तिने आपणहून तोंड उघडलं आणि जीभ वर करून दाखवली.
लोभ असू द्या, असं आपण दोघांनी आता एकमेकांना कोणत्या तोंडाने लिहायचं?
तुमचा,
शिगेआकि