मूळ तेवढंच ठेवायचं

रविवार, ७ सप्टेंबर. दुपारी ४
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून जबाबदारी.

पास्टर सिद्धराम तीन गावच्या मंडळ्या सांभाळतात. आमच्या अहमदपूरला महिन्यातून एकदाच येतात. बाकीच्या रविवारी उपासना मी घ्यायची ठरलं. निवृत्त मुख्याध्यापक गावात दुसरा नाही.

जाताना पास्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं, दोन नोव्हेंबरला पास्टरांच्या वरचे, लातूरचे सुपरिंटेंडंट साहेब येणार. मंडळी जिवंत वाटली तर चर्च चालू. नाहीतर कुलूप, आणि सगळ्यांनी चाकूरच्या चर्चला जायचं. माझा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, लग्नही. पण लोकांना सांगितलं नाही, उगाच घाबरतील.

लगेच प्लॅन सुचला. मूळ तेवढंच ठेवायचं. वचन आणि प्रार्थना. बाकी फापटपसारा बंद. उद्यापासून रोज पहाटे पाचला उठून प्रार्थना.

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळी ८.१०
गजर वाजला होता म्हणे. आपण झोपलो तरी देव जागाच असतो. उद्यापासून.

रविवार, १४ सप्टेंबर
पहिली सुधारणा. उपासनेनंतरची पंगत बंद.

दर रविवारी बायका डबे आणतात. सतरंज्या पडतात. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. वचन अर्धा तास आणि वांगं दीड तास, हे प्रमाण बरोबर नाही. तसं जाहीर केलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मनन करत असावेत.

फक्त शेषेराव उठला. आमचा ढोलकीवाला, खेड्यावरून येतो. म्हणाला, "सर, आमची यष्टी दोनला हाय. तवर कुठं बसावं?" मी म्हणालो, स्टँडवर बसून वचनावर विचार करावा. सिंधुमावशी चर्चच्या मागंच राहतात. त्या पातेलं उचलून घरी गेल्या. चांगला प्रतिसाद.

घरी शिल्पा म्हणाली, "अहो, दुसऱ्यांदा वांगं मागणारे तुम्हीच होता." बायकोला दूरदृष्टी नाही.

रविवार, २१ सप्टेंबर
साक्षी बंद केल्या. साक्ष म्हणजे देवानं काय केलं ते सांगायचं. आमच्याकडं उभं राहून म्हैस व्याली, शुगर उतरली, जावयानं फोन केला, हेच. ढोलकीही बंद. शेषेराव ढोलकी घेऊन गेला, दुरुस्तीला म्हणाला. वाजवायची नसताना दुरुस्ती कशाला, कळलं नाही. मनाचा साधा माणूस.

फ्लेक्स करायला टाकला. 'मुळाकडे चला'. मोठ्या अक्षरात.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
फ्लेक्स आला. अक्षरापेक्षा माझा फोटो मोठा आहे. दुकानदाराची चूक. बदलत बसण्यात वेळ कोण घालवणार, लावला. पहाटेच्या प्रार्थनेला डासांमुळे अडचण येतेय.

रविवार, ५ ऑक्टोबर
माणसं कमी. सोयाबीनची काढणी आहे, समजू शकतो. रामकिशनला शेत नाही, तो का आला नाही, विचारलं पाहिजे.

भाच्याकडून प्रोजेक्टर मागवला. 'विश्वासातील साधेपणा' या विषयावर चाळीस स्लाइड दाखवल्या. विसाव्या स्लाइडला शिल्पा उठली. सिंधुमावशींचे गुडघे दुखतात, तेल लावून देते म्हणाली. चार वाजता परत आली आणि जेवली नाही. उपवास धरला असावा. शिकवण झिरपायला लागली.

रविवार, १२ ऑक्टोबर
उपासना चालू असताना मागून ढोलकी. या दिवसांत लग्न कुणाचं? दार लावून घेतलं.

शिल्पाच्या पदराला वांग्याचा वास. विचारलं तर म्हणाली, तेलाचा. आयुर्वेदिक असेल.

रविवार, १९ ऑक्टोबर
चर्चमध्ये मी, शिल्पा आणि प्रोजेक्टर. शेवटच्या प्रार्थनेला डोळे उघडले तर मी आणि प्रोजेक्टर.

घरी गार पिठलं खाल्लं. खरं लिहायचं तर पंगतीची आठवण आली. रामकिशन शेजारी बसायचा आणि न विचारता पानात भाकरी टाकायचा. पण भावनेच्या भरात मागं फिरायचं नाही. थोडेच पण खरे, असं आता झालंय. अजून थोडे झाले तर बरं.

शनिवार, १ नोव्हेंबर
सगळ्यांना फोन केले. उद्या विशेष कार्यक्रम, दहाला या. सगळे म्हणाले, "येतो की सर." साहेबांचं सांगितलं नाही, लोकांना एकदम आश्चर्य वाटेल. फ्लेक्स पुसला. स्लाइड वाढवून साठ केल्या. उद्या पाचला उठणारच.

रविवार, २ नोव्हेंबर. सकाळी १०.३०
साडेआठला उठलो. चर्चमध्ये कुणी नाही. साहेबही नाहीत. लातूरची बस लेट असणार.

११.१५
लाईट गेली. प्रोजेक्टर बंद. मागं तीच ढोलकी. जाऊन बंद करायला सांगतो.

दुपारी ४.३०
ढोलकी सिंधुमावशींच्या अंगणात होती. आमची सगळी मंडळीही तिथंच होती. मधोमध सतरंजीवर सुपरिंटेंडंट साहेब.

साहेबांनी स्टँडवर चर्च विचारलं, तर रिक्षावाल्यानं सरळ इथं आणून सोडलं. म्हणाला, ख्रिश्चन लोक रविवारी इथंच जमतेत. मंडळीचं म्हणे आधी इथं गायचं आणि मग माझ्याकडं यायचं ठरलं होतं. पण साहेब येऊन बसले, उठणार कोण? गाणी झाली. म्हैस व्याल्याची साक्ष झाली. रामकिशनला मूतखड्यानं महिनाभर हैराण केलं होतं, त्याच्यासाठी सगळ्यांनी हात ठेवून प्रार्थना केली. मला त्याचा खडा माहीतच नव्हता. शिल्पा वांगी वाढत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

साहेब भाकरी मोडत म्हणाले, पहिली मंडळी हेच करत होती. शिकवण, सहवास, प्रार्थना आणि एकत्र भाकर. कुलपाचा विषय संपला. मग विचारलं, हे सगळं कुणी सुरू केलं? सिंधुमावशी म्हणाल्या, "सरांनीच की. सरांनी तिकडची पंगत बंद केली, म्हणून तर इकडं जमलो." चिडून नाही, अगदी सरळ म्हणाल्या. साहेबांनी माझा हात हातात घेतला. मी नाही म्हणालो नाही.

रामकिशन सरकला. मी बसलो. त्यानं न विचारता पानात भाकरी टाकली. डोळ्यांत पाणी आलं. चटणी तिखट आहे, असं सगळ्यांना सांगितलं.

रविवार, ९ नोव्हेंबर. संध्याकाळी
पंगत पुन्हा चर्चमध्ये. वांगी आणायचं खातं माझ्याकडं. चांगली हवीत तर पहाटे मंडईत जावं लागतं, म्हणून काल पाचला उठलो. अंधारात चालता चालता प्रार्थनाही झाली, रामकिशनसाठी. मावशी म्हणाल्या, निम्मी किडकी हायत.

आज माणसं जास्त झाली आणि सतरंज्या पुरल्या नाहीत. शिल्पानं फ्लेक्स काढून खाली अंथरला. शेषेराव नेमका माझ्या तोंडावर बसला. सरक म्हणणार होतो. पण तो जेवत होता आणि त्याची यष्टी दोनला होती.