नेपरव्हिलच्या खरेदीखतात चतुःसीमा नसल्याबाबत

प्रति,
मा. दस्त नोंदणी अधिकारी,
काउंटी नोंदणी कार्यालय, खिडकी क्र. ३,
इलिनॉय राज्य, अमेरिका.

अर्जदार: शशिकांत दामोदर नेर्लेकर, वय ६९, धंदा: सेवानिवृत्त दुय्यम निबंधक, मूळ राहणार गडहिंग्लज, हल्ली मुक्काम मुलाकडे, नेपरव्हिल.

विषय: मुलाच्या घराच्या खरेदीखतात चतुःसीमा, जल, तरु, तृण वगैरे काहीच नसल्याने चूक दुरुस्ती होऊन मिळणेबाबत.

संदर्भ: १) माझी दि. २ जून २०२५ रोजीची समक्ष विचारणा.
२) त्यावर आपल्या कार्यालयाने दिलेला ‘हॅव अ ग्रेट डे’ हा तोंडी खुलासा.

महोदय,

आपण व मी एकाच खात्यातले, म्हणून प्रस्तावना लांबवत नाही. एकतीस वर्षे मी दस्त नोंदणीत काढली. हजारो लोकांची घरे त्यांच्या नावावर करून दिली आणि स्वतः भाड्याच्या घरात राहिलो. चिरंजीव सिद्धेश याने गेल्या मार्चमध्ये येथे घर घेतले. आमच्या घराण्यातले हे पहिले मालकीचे घर. ते खरोखर आमचे झाले आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे. खात्री होईपर्यंत मी माझी मोठी बॅग उघडणार नाही असे ठरवले असून सध्या दोन शर्टांवर भागवत आहे.

१. प्रथम वकिलाबाबत. येथे घर घेताना वकील करतात असे समजल्यावर मी महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रीतसर निविदा सूचना टाकली. दोन वकील व एक पुरणपोळीवाल्या बाई असे तीन प्रतिसाद आले. पैकी पहिला वकील घर दाखवणाऱ्या एजंटानेच पाठवलेला होता. व्यवहार झाला तरच एजंटाचे पोट भरते आणि एजंट खूश राहिला तरच वकिलाचे. अशा वकिलाला घरात खोट दिसली तरी तो चष्मा पुसत बसेल. सबब नामंजूर. दुसरे श्री. प्रताप हे आपल्या मंडळातले, जन्म येथलाच, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देतात. ते मुख्यत्वे घटस्फोटाची कामे करतात व पुढेमागे तीही गरज पडल्यास एकत्रित दर लावू म्हणाले. माझी सून राधिका त्या वेळी चहा घेऊन आत येत होती. सबब तेही नामंजूर. पुरणपोळीची निविदा दर्जेदार असल्याने राखून ठेवली आहे.

शेवटी मी स्वतः फोन करून मिस हॅनसेन या वकीलबाईंना विचारले की, या घराच्या पूर्वेस काय आहे? त्या हसल्या नाहीत. ‘मला माहीत नाही, बघून सांगते’ म्हणाल्या आणि त्याच दिवशी नकाशा पाठवला. वकिलाची याहून मोठी परीक्षा मला ठाऊक नाही. सबब मंजूर. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, हे कृपया नोंदवावे.

२. तक्रार दस्ताविरुद्ध आहे. त्यात घराचे वर्णन ‘लॉट क्रमांक ४७’ एवढेच आहे. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, काही नाही. उद्या घर सरकले तर शोधायचे कुठे? सिद्धेशला विचारले असता त्याने ‘बाबा, घर सरकत नाही, यू चिल’ असे उत्तर दिले. सबब चतुःसीमा मी स्वतः जागेवर जाऊन घेतल्या. पूर्वेस: मिस्टर गॅरी, निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. वडिलांचे नाव विचारताच त्यांनी मला खुर्ची दिली व दीड तास वडिलांविषयी सांगितले. पश्चिमेस: रस्ता. दक्षिणेस: तळे व त्यातील बदके, पैकी एकोणीस बदके रोज आमच्या हद्दीत येतात, त्यांचा वहिवाटीचा हक्क कधीपासूनचा ते तपासावे. उत्तरेस: दाराच्या घंटेतून बोलणारे एक गृहस्थ, नाव समजले नाही. त्यांनी ‘पॅकेज खाली ठेवा’ असे फर्मावल्यावरून मी चतुःसीमेच्या मसुद्याची प्रत खाली ठेवून पोच मागितली. घंटेने पोच दिली नाही.

३. आपल्याकडे, म्हणजे आमच्याकडे, मिळकत विकताना ती जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी व निक्षेप यांसह विकली असे लिहितात. येथील करारात फ्रिज आहे, पडदे आहेत, गॅरेज उघडण्याचा रिमोटही आहे. जमिनीतून रेडॉन नावाचा विषारी वायू निघतो, त्याचीही तपासणी होऊन तो कागदावर आला. म्हणजे वायू नोंदला आणि जल, तरु राहिले! याचा परिणाम असा की, मे महिन्यात पूर्वीच्या मालकीण मिसेस कोवाल्स्की कुदळ घेऊन आल्या व अंगणातले गुलाबी फुलांचे झुडूप आपल्या आईने लावलेले असल्याचे सांगून खणू लागल्या. मी कागद मागितला. त्यांनी मला मिठी मारली. मिठी हा हस्तांतरणाचा दस्त होऊ शकत नाही, हे मी मराठीत स्पष्ट केले. तोवर झुडूप गाडीत गेले होते. खड्ड्यात निधी किंवा निक्षेप, म्हणजे पुरलेले धन वा ठेव, आढळला नाही, याचा पंचनामा मी व मिस्टर गॅरी यांनी केला.

४. त्याशिवाय ‘टायटल इन्शुरन्स’ म्हणून एक विमा घ्यावा लागला. तो घराच्या भूतकाळाचा विमा आहे. पूर्वी कोणी भानगड केली असल्यास कंपनी निस्तरणार. पुढे मरण येईल म्हणून विमा काढतात हे मी ऐकून होतो; होऊन गेलेल्याचा विमा प्रथमच पाहिला. तो व्यक्तींसाठीही मिळतो काय, याची माहिती द्यावी. गडहिंग्लजच्या काही मंडळींना कळवायची आहे.

५. आता मुख्य मुद्दा, जो मी खिडकीवर बोलू शकलो नाही. सह्यांच्या दिवशी मला बाहेर, काचेपलीकडे, चॉकलेट-गोळ्यांच्या वाडग्याशेजारी बसवले होते. आत साक्षीदार नव्हते, अंगठे नव्हते. नोटरीने सिद्धेशचा ड्रायव्हिंग परवाना पाहिला व हाच तो इसम, असे ठरवले. महोदय, त्या परवान्यावरील फोटोत दाढी आहे व वजन वीस पौंडांनी खोटे आहे. आमच्या कार्यालयात दोन इसम पुढे येऊन सांगत, ‘लिहून देणाऱ्यास आम्ही व्यक्तिशः ओळखतो.’ ते ऐकल्याशिवाय मी एकही दस्त पुढे सरकवला नाही. माझ्या मुलाची ओळख एका प्लॅस्टिकच्या तुकड्याने पटवली आणि मी आठ फुटांवर बसलो होतो. मला वाईट वाटले. अर्जात असे लिहिण्याची पद्धत नाही, पण वाटले. काचेतून मी पाहत होतो: सही करताना तो अजून जिभेचे टोक दातांत धरतो. हे परवान्यावर कुठे आहे?

तरी चतुःसीमा, जल, तृण, बदके यांबाबत आपल्या सवडीने निर्णय व्हावा. न झाल्यास माझा आग्रह नाही. मात्र खालील एक ओळ दस्तास जोडून घ्यावी, ही विनंती. तिच्यासाठी मी कोणत्याही खिडकीवर, कितीही वेळ उभा राहीन.

‘सिद्धेश शशिकांत नेर्लेकर, वय ३८, यास मी जन्मापासून व्यक्तिशः ओळखतो.’

आपल्याच खात्यातला, आपला नम्र,
(सही)
शशिकांत दामोदर नेर्लेकर
नेपरव्हिल, दि. १६ जून २०२५

सोबत:
१) निविदांचा तुलनात्मक तक्ता (पुरणपोळीसह).
२) खड्ड्याचा पंचनामा, मिस्टर गॅरी यांच्या सहीसह.
३) कोरा कागद एक, त्यावर माझ्या डाव्या हाताचा अंगठा. दस्तात जिथे जागा असेल तिथे लावावा.