मुठीचं माप

कर्जत,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रबुद्धदादास,
उज्वलाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुमच्या कारखान्यात मोबाईल आत नेता येत नाही, आणि बाहेर आलास की गाडीचं नाव काढताच तू फोन कापतोस. आता पत्र कापून बघ! म्हणून मुद्दाम कागद घेतला.

बाबांच्या फियाटचं स्टिअरिंग गेलं. कडेचं प्लास्टिक उन्हानं तडकलेलं होतंच, आता त्याचा वीतभर तुकडा निखळला आणि मधला एक दांडाही मोडला. उभ्या गाडीतच तुटलं असं बाबा सांगतात. नेरळच्या येसाजी मिस्त्रींनी ते काढून घेतलं आणि परत बसवायला साफ नकार दिला. तेव्हापासून ती निळी गाडी पोशीरच्या अंगणात उभी आहे आणि बाबा तिच्याभोवती घिरट्या घालतायत. बॉनेट उघडतात, बंद करतात. पुसलेल्या काचा पुन्हा पुसतात. जेवताना मध्येच उठून जातात. आई वैतागली आहे.

येसाजी म्हणतात, कुर्ल्याच्या जुन्या बाजारात फियाटचं मूळचं स्टिअरिंग अजून मिळतं, मोठं नि बारीक कडेचं. नाहीतर हल्ली पोरं बसवतात तसलं छोटं, जाड, काळ्या चामड्याचं घ्यायचं. शिवाय ज्याचा एकच हात चालतो त्याच्यासाठी कडेला गोल मूठ बसवतात, ती धरून चाक फिरवायचं. या मुठीचं नाव काढल्याबरोबर बाबांनी येसाजींना चहा न पाजता वाटेला लावलं.

नंदावहिनीचं माहेर कुर्ल्याला, तेव्हा हे काम तुझं. मूळचंच आण. तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. गेल्या वर्षीच्या झटक्यातून बाबांचा पाय सावरला, पण डाव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत. अरे, पण ते चालवतात कुठे? अंगणातून विहारापर्यंत आणि परत. तेवढंही काढून घ्यायचं का त्यांच्याकडून? साऱ्या पंचक्रोशीतल्या नवऱ्या त्या गाडीतून सासरी गेल्या. मीसुद्धा.

उत्तर लवकर दे. माया आहेच, तिला या गाडीपायी गंज चढू देऊ नकोस.

तुझी,
उज्वला


रसायनी,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. उज्वला हिस,
प्रबुद्धचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझं पत्र कँटीनमध्ये वाचलं. शेजारच्यानं विचारलं की कोर्टाची नोटीस का. तोंड तसंच झालं असणार माझं.

कुर्ल्याला जाऊन आलो. खोटं नाही सांगत. गल्लीभर दुकानं पालथी घातली. काळं चामड्याचं हातात घेतलं, मूठवालं घेतलं, मूळचं पांढरट रंगाचं पण घेतलं. दुकानदारानं कागदात गुंडाळायला सुद्धा घेतलं होतं. आणि मी हात हलवत परत आलो. नंदा म्हणाली की एवढं ऊन खायला कशाला गेला होतात.

उज्वला, मी इथे सेफ्टीला आहे. कुणाचा हात कशात गेला, कुणी काय विसरलं, हेच दिवसभर बघतो. मला तू भित्रा म्हणतेस ते म्हण, हेल्मेट घालून झोपतो असं आईला सांगून हसवतेस तेही कळलंय मला. पण एक साधी गोष्ट सांग. बाबांचा उजवा हात चाकावर. मग गिअर कोण टाकतं? त्या गाडीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली डावीकडे आहे, आणि डावा हात तर मांडीवर पडून असतो. म्हणजे ते चाक सोडून उजव्या हातानं गिअर टाकत असणार. नेरळ-कळंब रस्त्यावर डंपर कसे येतात ते तू बघतेसच. विहारापर्यंत म्हणता म्हणता एक दिवस मन होईल आणि पुढे निघतील.

तू त्यांना सांग, स्टिअरिंग मिळत नाही, कंपनी बंद झाली, माल संपला. गाडी विकायची नाही, मोडीत तर नाहीच नाही. नुसती उभी राहू दे. चाक नाही तर काळजी नाही.

रागाव, पण बोलणं टाकू नकोस.

तुझा,
दादा


कर्जत,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादास,
स. जय भीम. वि. वि.

तुझं खोटं मी सांगितलं. माझ्या जिभेला वळेना, तरी सांगितलं. बाबा उठून गाडीत जाऊन बसले. पण आई! आई अशी उसळली की मी दोन पावलं मागे सरले. मिळत नाही म्हणजे काय, म्हणाली. तुझ्या दादाला सांग, मोठंच पाहिजे, बारीक कडेचं. छोटं बसवलं तर हात दांड्याला जाताना अडतो, आणि ती मूठ बसवली तर कोपराला लागते. मी विचारलं, कुणाच्या कोपराला? तर तांदूळ धुवायला निघून गेली.

मी अंगणात गेले आणि गाडीत मागे बसले. पुढे बाबा, समोर नुसता उघडा लोखंडी दांडा, चाक नाहीच. थोड्या वेळानं आई आली, हात पदराला पुसत पुढे डावीकडे बसली. दोघंही समोरच्या कुंपणाकडे बघत होते. बाबांनी सहज क्लच दाबला. आणि दादा, आईचा उजवा हात उठला, गिअरवर गेला आणि पहिला पडला. बाबांनी क्लच सोडला, परत दाबला. आईनं दुसरा टाकला. बघितलं पण नाही गिअरकडे. तू विचारलंस ना गिअर कोण टाकतं? आई टाकते. वर्षभर टाकतेय!

मी बाहेर आले आणि खालापूरला चिमामावशीला फोन लावला. मावशी अंथरुणाला खिळल्यापासून आई महिन्यातून एकदा तिला बघायला जाते, आपल्याला सांगते रिक्षानं गेलो. मावशी भोळी बिचारी. म्हणाली, रिक्षा कशाला गं, तुझा बाप निळी गाडी घेऊन येतो की दारात.

पोशीर, नेरळ, कर्जत, चौक, खालापूर! एकानं चाक धरायचं, दुसऱ्यानं गिअर. मला आधी हसू आलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. मग त्या रस्त्यावरचे डंपर आठवले. आता तूच सांग काय करायचं ते.

तुझ्या आधाराची वाट बघणारी,
उज्वला

ता. क. भित्रा म्हटलं ते मागे घेते. हेल्मेटचं नाही घेत.


रसायनी,
१ मार्च २०२५

ती. बाबांस,
प्रबुद्धचा सप्रेम जय भीम.

उज्वलानं सगळं कळवलंय. तिला बोलू नका, मीच खोदून विचारलं होतं.

बाबा, तुमच्यासारखी गाडी या तालुक्यात कुणी चालवली नाही, हे मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलोय. तुम्ही मला सायकलवर डबलसीट घेऊ द्यायचा नाहीत. एक जीव दुसऱ्याच्या भरवशावर रस्त्यावर काढायचा नसतो, हे तुमचंच शिकवणं. मग हे काय चालवलंय? मला संताप आलाय आणि भीती वाटतेय, आणि दोन्ही एकदम. रात्रपाळीला जाताना रस्त्यात निळं काही दिसलं तरी थांबून बघतो.

स्टिअरिंग बाजारात मिळतं. मीच नाही आणलं आणि आणणारही नाही. गाडी तुमची आहे, बाबा. पण डावीकडे आई बसते.

जास्त लिहिलं असेल तर कान धरा, पण हे ऐका.

तुमचा,
प्रबुद्ध


पोशीर,
८ मार्च २०२५

चि. प्रबुद्ध यास,
बाबाचे अनेक आशीर्वाद. नंदालाबी सांग.

तुजं पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं, मग तुज्या आयनं मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हंजे मला नीट टोचावं म्हणून. ओरडलास ते बरं केलंस. फोनवर ओरडला असतास तर मीबी ओरडलो असतो, नि दोघं बसलो असतो तोंडं फुगवून.

उभ्या गाडीत चाक तुटलं हे खोटं हाय. जानेवारीत चिमाला बघून येत होतो. चौकच्या पुढं वळण घेताना कडेचा तुकडाच माज्या हातात आला. एकच हात, नि त्यात नुसता तुकडा! समोरनं डंपर. दुसरा हात उचलायला गेलो तर तो मेला मांडीवरनं हालंना. तुजी आय आडवी झाली, तिनं चाक धरलं नि जीव खाऊन डावीकडं ओढलं. मी ब्रेक दाबला. करवंदीच्या जाळीत जाऊन थांबलो. मधला दांडा तिच्या ओढण्यानं मोडला, येसाजीला वाटतं उन्हानं. ती खाली उतरली, तोंड पुसलं नि म्हणाली की चला, मागं गाड्या खोळंबल्यात.

तरीबी मी घरी येऊन नव्या चाकाच्याच मागं लागलो. वाटायचं, चाक नवं आलं की सगळं पयल्यासारखं होईल. तुज्या पत्रातली ‘डावीकडे आई बसते’ ही ओळ आयनं वाचली तवा ती थांबली नाय, पुढचं वाचून कागद घडी करून ठेवला. थांबलो मीच. जन्म गेला गाडी चालवण्यात, नि ही बाई डावीकडं बसून काय बघत असंल, ते माज्या मनातबी आलं नव्हतं.

आता ऐक. माजं चालवणं संपलं. लिहिताना हात जड झालाय, पण लिवलं. ती चाकाला हात घालती तवा गाडी सरळ जाती, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून आता चाक तिनं धरायचं. शिकायचं, परीक्षा द्यायची, रीतसर. मी डावीकडं बसणार. तिकडनं गिअर माज्या उजव्या हाताला येतो, नि तो हात अजून शाबूत हाय. हे तिला सांगितलं तर म्हणाली, झटका हाताला आला का डोक्याला. दुसऱ्या दिवशी विचारती, लायसनच्या फोटोला कंचं लुगडं नेसायचं. मग मी समजलो.

तवा तू चाक आण, पण माज्या मापाचं नको. माजा पंजा मोठा, जाड कड चालायची. तिची मूठ लहान. तिनं मूठ वळली तवा आत किती जागा राहती ते सुतळीत गाठ मारून घेतलंय, पाकिटात ठेवलीय. दुसरं म्हंजे ती बुटकी. उशी घेतली तरी तिला चाकाच्या वरनं रस्ता दिसत नाय, आतनं दिसतो. म्हणून चाकाचा वरचा अर्धा भाग मोकळा बघ, दांडे खालच्या अंगाला. छोटं चाक दिसायला झोकात, पण फिरवायला जड जातं, खांदे भरून येतील तिचे. मोठंच आण.

नाय आणलंस तरी राग नाय. पण सुतळी परत कर.

तुजा बाप,
दशरथ


रसायनी,
३१ मार्च २०२५

चि. सौ. उज्वला हिस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

काल चाक बसवलं. तू यायला हवी होतीस.

बाबांचं पत्र मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. तिसऱ्या दिवशी सुतळी खिशात घालून कुर्ल्याला गेलो. प्रत्येक चाकाच्या कडेला ती सुतळी गुंडाळून बघत होतो. दुकानदारानं विचारलं की बांगड्या घ्यायला आलाय का. म्हटलं, तसंच समजा. गेल्या वेळचं मूळचं विकलं गेलं होतं, नवीन बनावटीची सगळी जाड निघाली, सुतळीचं टोक गाठीला पोचेना. शेवटी माळ्यावरून त्यानं एक जुनं काढलं, सायीच्या रंगाचं, दोनच दांडे आणि दोन्ही खाली झुकलेले. सुतळी बरोब्बर बसली. मी तिथल्याच स्टुलावर बसून, पाठीत वाकून आईएवढा झालो आणि चाकातून समोरच्या दुकानाची पाटी वाचली. सबंध दिसली. लोक बघत होते, बघू देत.

येसाजींनी बसवलं. त्यांना या वेळी चहाही मिळाला आणि पोहेही. मी अटी घातल्यात. शिकाऊ लायसन आलंय, लाल एल लावलाय, तरी पक्कं मिळेपर्यंत विहाराच्या मागच्या मैदानाबाहेर चाक जाणार नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी मागे बसणार. आईनं विचारलं, हेल्मेट घालून का? हे तिला कुणी शिकवलं ते मला माहीत आहे.

पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा बाबा डावीकडे बसायला गेले आणि दार उघडून तसेच उभे राहिले. आई समोर बघत बसली, हाक मारली नाही. मग बसले. आईनं क्लच दाबला, बाबांनी पहिला टाकला, गाडी दोन आचके देऊन बंद पडली. बाबा तिच्यावर खेकसले. ती त्यांच्यावर खेकसली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तू भांडत राहा, म्हणजे मला करमतं.

तुझा,
दादा


पोशीर,
२२ जून २०२५

चि. सौ. उज्वला हिला,
आयचे पोटभर आशीर्वाद. जावयांना जय भीम सांग.

मी पास झाले गं! पनवेलला साहेबांनी फिरवलं, पुढं मागं सगळं करून घेतलं. प्रबुद्धनं नेलं होतं गाडीतनं. परीक्षेला तुझे बाबा शेजारी बसून चालत नाय, तिथं साहेब बसतात. बाबा फाटकापाशी उभे होते, रुमालानं मान पुसत. माझ्यापेक्षा त्यांनाच घाम.

आता तुला एक सांगते, प्रबुद्धला नको सांगू, तो घरभर करील. तिथं गिअर मीच टाकले. पयला, दुसरा, तिसरा, मागचा, सगळे. चाक एका हातात, गिअर दुसऱ्या हातानं, बाबांना वाटतं तसं कायबी जड नाय गेलं. वर्षभर केलंच होतं की, नुसती बाजू बदलली. साहेब म्हणाले, मावशी, हात सरावाचा हाय.

येताना प्रबुद्ध मागं बसला नि मी चालवलं. निघायला मी क्लच दाबला, गिअरला हात घातला, तर दांड्यावर तुझ्या बाबांचा हात आधीच होता. ते समोर रस्त्याकडं बघत होते. मी माझा हात काढून चाकावर ठेवला. कर्जतच्या पुढं चढाला त्यांनी दुसरा उशिरा टाकला, गाडी गचके खायला लागली. माझा हात मोकळा होता, तरी चाकावरच ठेवला.

येत्या रविवारी चिमाकडं खालापूरला निघू. तिला सांगितलंय, या वेळी गाडी कोण आणतंय ते खिडकीतनं बघ. तुला घ्यायला कर्जतला थांबू. येशील तर मागं बस, पुढं जागा नाय.

जिवाला जप, नि यायचं नक्की कळव.

तुझी,
आय